एक्केचाळीस नंबरची उत्तरं

४ ऑगस्ट

प्रिय मावशी,

वाकून नमस्कार. तोही मनातल्या मनात, कारण माझ्या खोलीत पलंग आणि टेबलाच्या मध्ये वाकण्याइतकी जागा नाही.

जन्मभर टेलिफोनच्या खोलीत बसून तू साऱ्या गावाचं बोलणं जोडून दिलंस, आणि कानांनी दगा दिल्यावर स्वतःचा फोन मात्र काढून टाकलास. त्यामुळे मला पत्रं लिहावी लागतात. वर्गातल्या मुली विचारतात, हल्ली पत्र कोण पाठवतं? मी सांगते, माझी मावशी आणि कर खातं.

दुसरं वर्ष सुरू झालं. यंदाचा विषय म्हणजे अर्थशास्त्रातले प्रयोग कसे करायचे. तू म्हणशील, नळ्या नाहीत, बेडूक नाहीत, कसला आलाय प्रयोग. आमचा बेडूक म्हणजे माणूस. बाई कडक आहेत. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "मदत केली की ती उपयोगी पडली असं वाटतंच. वाटणं आणि असणं यांतलं अंतर मोजायला तुम्ही इथे आलात."

त्यांचा एक मोठा प्रयोग चालू आहे आणि मला त्यात काम मिळालंय. माझी पदवी आता त्यावरच. पाच गावांतली एकटी राहणारी म्हातारी माणसं निवडली आहेत. निम्म्यांकडे आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन तासभर नुसतं बोलत बसायचं, निम्म्यांकडे वर्षभर कोणी जायचं नाही. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणक ठरवतो. दर दीड महिन्याने दोन्ही गटांना एक मुलगी तेच प्रश्न विचारते: जेवता का, औषध घेता का, करमतं का. भेटीने खरंच फरक पडतो असं दिसलं, तर पालिका पुढच्या वर्षीपासून सगळ्यांकडेच माणूस पाठवणार आहे.

माझं काम आकडे वाचायचं. नाव-गाव मला कळू द्यायचं नाही, फक्त नंबर दिसतो. नावांची यादी वेगळ्या कपाटात कुलपात. नाहीतर आपल्या माणसाकडे हात वळतो म्हणे.

फॉर्ममधला शेवटचा प्रश्न माझा आहे. "अडीनडीला हाक मारावी असं तुमचं कोणी आहे का?" बाईंनी एक शब्दही बदलला नाही. शब्द कोणाचा, ते तुला कळलंच असेल.

गुडघा कसा आहे? खरं सांग.

तुझा भुंगा


२१ ऑगस्ट

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद,

गुडघा गुडघ्याच्या जागी आहे. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या आईमागे तुला सांभाळलं तेव्हा तू दिवसभर 'का? का?' करत कानाशी गुणगुणायचीस, म्हणून तुला भुंगा म्हणायला लागले. आता त्याच गुणगुणण्याची पदवी मिळणार म्हणजे कमाल आहे. नाव-गाव न कळता काम करायचं हे मला पटलं. आमच्याही खोलीत हाच कायदा होता. आवाज ओळखीचा असला तरी ओळख दाखवायची नाही, आणि तार जोडली की कान काढून घ्यायचा. सगळ्याजणी काढायच्या असं नाही, पण मी काढायची.

इकडे सगळं ठीक. खालचे शिंपीकाका येता-जाता हात करतात. परवा एक मुलगी फळीला कागद लावून आली होती, कसली तरी साबणाची पाहणी असावी. गुणी पोर, माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलायची, त्यामुळे सगळं कळलं. चहा पाजला. चांगली दुपार गेली.

एक विचारते, अडाण्याचा प्रश्न समज. त्या म्हाताऱ्यांनी छान छान उत्तरं दिली, तर तुझा निकाल छान लागेल ना?

दूध पीत जा. अभ्यासाच्या नावाखाली उपाशी राहू नकोस.

मावशी


९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. दुसऱ्या फेरीचे आकडे आले आणि मी त्यांच्यात बुडाले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: लागेल तर काय. सगळे मजेत निघाले तर बाई मला डोक्यावर घेऊन नाचतील. तुझ्या तोंडात साखर पडो.

तुला एका बाईची ओळख करून द्यायची आहे. नाव मला माहीत नाही, नंबर एक्केचाळीस. ती बिनभेटीच्या गटात आहे, म्हणजे तिच्याकडे कोणीही जात नाही. पण उत्तरं बघ. जेवण? दोन्ही वेळ, भूक सणसणीत. औषध? वेळच्या वेळी. करमतं का? "दिवस पुरत नाही." पडलात का? "पडायला सवड कुठे आहे?" हे तिचे शब्द मुलीने शेजारच्या रकान्यात जसेच्या तसे लिहून ठेवलेत. आमच्या खोलीत सगळे तिला आनंदीआजी म्हणतात. भेटीच्या गटातल्या निम्म्या लोकांपेक्षा ती जास्त सुखी आहे. दिवसभर बाकीच्यांची उत्तरं वाचून जीव खाली-वर झाला की मी एक्केचाळीसची ओळ उघडून बसते.

शेवटच्या प्रश्नाला, अडीनडीच्या, तिने ठासून "हो" म्हटलंय. बाकी बरेचजण त्या प्रश्नाशी गप्प होतात. नशीबवान आहे जे कोणी तिचं आहे ते.

सुटीत यायचं ठरवलं होतं, पण बाईंनी तेव्हाच वर्ग लावलेत. रागावली नाहीस ना?

तुझा भुंगा


२ नोव्हेंबर

चि. भुंग्यास,

रागावण्याचा प्रश्नच नाही. येण्याजाण्यात आठवडा मोडतो आणि इथे तू येऊन करणार काय, माझी बडबड ऐकणार. ती पत्रातून ऐकतेस तेवढी पुरे.

तुझी ती आनंदीआजी मला आवडली. कोणीच येत नसताना एवढी खूश असते म्हणजे एकतर खमकी असेल, नाहीतर तिला कोणासाठी तरी खूश राहायचं असेल. तू तिची ओळ वाचून खूश होतेस हे वाचून मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहून कळायचं नाही.

मी मजेत. मध्ये न्हाणीघराच्या उंबऱ्याशी जरा भांडण झालं. त्याने पाय धरला, मी हात टेकला. आता समेट आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर त्यामुळे. शिंपीकाका मजेत आहेत, दिवसभर मशीन चालू असते म्हणे. मला कुठलं ऐकू यायला, पण पायाखालची फरशी हलते त्यावरून कळतं.

थंडी पडेल. माझी तपकिरी शाल तू नेली आहेस, ती नुसती ट्रंकेत ठेवू नकोस.

मावशी


१७ जानेवारी

प्रिय मावशी,

आज फार रडले आहे, म्हणून लिहायला बसले. तुझ्यापाशी नाही तर कोणापाशी रडू?

चार फेऱ्यांचे आकडे मी आज सगळ्यांसमोर मांडले. भेटीने फरक पडतो का? पडतो, पण इतका थोडा की तो योगायोगही असू शकेल. पालिकेचा माणूस आला होता. म्हणाला, "म्हणजे कोणी गेलं नाही तरी ही माणसं ठीकच असतात की." आणि कागद पिशवीत टाकले.

मग बाईंनी मला थांबवून घेतलं. त्या म्हणाल्या, "बिनभेटीच्या गटातली ही चार-पाच माणसं बघ. एवढं सुख मला संशयास्पद वाटतं. याला मर्जी राखणारी उत्तरं म्हणतात. विचारणाऱ्याला काय ऐकायला आवडेल ते माणूस ओळखतं आणि तेच सांगतं. लबाडीने सांगत नाही. प्रेमाने सांगतं, म्हणून तर पकडता येत नाही." त्या चार-पाचांत पहिली कोण, सांग पाहू. माझी आनंदीआजी. निकालाला खाली ओढण्यात तीच सगळ्यांत पुढे आहे.

मी म्हटलं, मग तिला काढून टाकू या. तर बाई अशा चिडल्या. "आकडा आवडला नाही म्हणून काढायचा, तर मग प्रयोग कशाला, गोष्टच लिही ना." गोष्ट खरी आहे. म्हणून एक्केचाळीस राहणार, आणि तिच्यामुळे त्या पाच गावांतल्या कोणाकडेच पुढच्या वर्षी माणूस जाणार नाही. ज्या बाईवर मी इतका जीव लावला, तिनेच घात केला. आता फेब्रुवारीत शेवटची फेरी. त्यात काय फरक पडणार आहे?

गंमत म्हणजे बाई मर्जी राखणाऱ्या उत्तरांबद्दल बोलत होत्या तेव्हा मला तुझा गुडघा आठवला. तूही कधी सरळ उत्तर देत नाहीस.

तुझा भुंगा


२४ जानेवारी

चि. भुंग्यास,

डोळे पूस. तोंड धू. मग पुढचं वाच.

त्या बाईला घातकी म्हणू नकोस. तिला एवढंच वाटलं असेल की आपण चांगलं सांगितलं तर त्या शिकणाऱ्या पोरांचं चांगलं होईल. पोराची परीक्षा असली की आपण आपलं दुखणं पदराखाली झाकतो, तसं झालं असेल. प्रयोगात चांगलं कशाला म्हणतात आणि वाईट कशाला, हे तिला कोणी सांगितलं होतं का? मलाही ते तुझ्या या पत्रातून आज कळलं.

आमच्याकडे कधी चुकीची तार जोडली गेली तर पर्यवेक्षकबाई म्हणायच्या, रडत बसू नका. तार ओढा, माफी मागा, पुन्हा जोडा. म्हणून विचारते. समजा एखाद्याने आधी खोटं सांगितलं आणि शेवटच्या फेरीत खरं सांगितलं, तर ते चालतं का? की आधीच्या खोट्यामुळे तेही फुकट जातं? त्या बाकीच्या माणसांना त्याचा काही उपयोग होईल का? तुझ्या बाईंना विचारून मला कळव. फेब्रुवारीच्या आत कळव.

मी आपलं सहज विचारते.

मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र बाईंना वाचून दाखवलं. त्या पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, तुझ्या मावशीला माझ्या वर्गात बसव.

उत्तर असं: प्रत्येक फेरी वेगळी धरतात. शेवटच्या फेरीला सगळ्यांत जास्त वजन असतं. त्या चार-पाचांनी तेव्हा खरं सांगितलं तर नक्कीच उपयोग होईल. पण त्यांना सांगणार कोण? आम्ही सुचवायचंसुद्धा नाही, नियम आहे. देवावर हवाला.

तू एवढा रस घेऊन विचारतेस याचं मला फार बरं वाटतं. परीक्षा संपली की येतेच.

तुझा भुंगा


२६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

एक्केचाळीस नंबरची शेवटची उत्तरं आली आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचली.

संध्याकाळचा स्वयंपाक तिने कधीच सोडलाय. गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून घेते, कारण आणायला जिना उतरायची भीती वाटते. वर्षात तीनदा पडली. जिना चढला की छातीत कळ येते, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. "यापूर्वी कोणाशी निवांत कधी बोललात?" असा एक प्रश्न आहे. तिचं उत्तर: "मागच्या फेरीला तू आलीस तेव्हा."

मावशी, म्हणजे ती जानेवारीपासून कोणाशी बोललेलीच नाही. आणि मी तिच्या ओळी वाचून हसत होते.

असं काही दिसलं तर यादी उघडून तिथल्या डॉक्टरांना कळवायचं, असा नियम आहे. पण ज्यांच्या ताब्यात कपाट आहे ते सोमवारपर्यंत रजेवर. बाईंकडे दुसरी किल्ली आहे. ती वापरायची तर सोबत दुसरं कोणी हवं आणि आत्ता मीच आहे, म्हणजे यादी माझ्यासमोर उघडली असं होतं, आणि दोन गावांची फेरी अजून बाकी आहे. मग उरलेले आकडे मला वाचता येणार नाहीत, दुसऱ्या कोणाला द्यावे लागतील. माझं वर्ष जाईल. बाईंनी मला विचारलं, "काय करू या?" मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबू या. इतके महिने काढलेत तिने, चार दिवसांनी काय होणार? बाई म्हणाल्या, ठीक आहे. पण मला झोप लागत नाहीये. बरोबर केलं का मी?

तूही एकटीच असतेस. पण तुला शिंपीकाका आहेत, आणि काही झालं तर तू मला कळवशील. कळवशील ना? पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी टाक.

तुझा भुंगा


११ मार्च

आदरणीय बाई,

तुमचं पत्र इथे मावशीच्या पत्त्यावर मिळालं. बाकीचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

कपाट सांभाळणारे सोमवारीही आले नाहीत, म्हणून शेवटी तुम्ही माझ्यासमोरच यादी उघडून एक्केचाळीससमोरचं नाव वाचलंत. तुम्ही पत्ता वाचायला लागलात आणि अर्धा झाल्यावर पुढचा अर्धा मी म्हटला, ते तुम्हाला आठवत असेल. मी बसमध्ये होते तेव्हा तुम्ही कळवलेले डॉक्टर आणि आपली प्रश्न विचारणारी मुलगी जिना चढून गेले होते. दार आतून लावलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी दुपारी गेल्या असाव्यात. तुम्ही विचारलंत त्याच दिवशी यादी उघडली असती तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर असते. तुम्ही लिहिलंय की तो निर्णय आपल्या दोघींचा होता. नाही बाई. तुम्ही मला विचारलंत, आणि मी उत्तर दिलं.

शिंपीकाकांचं दुकान कुलूप लावून बंद आहे. ते पावसाळ्यानंतर मुलाकडे राहायला गेले, असं समोरच्या किराणावाल्याने सांगितलं. फरशी हलते म्हणून ती मला लिहीत होती ते काय हलत होतं, मला माहीत नाही.

माझं शेवटचं पत्र टेबलावर होतं, उघडलेलं, त्यावर चष्मा. म्हणजे सोमवारी कोणीतरी येणार हे तिला कळलं होतं. ओट्यावर दोन कप धुऊन उपडे ठेवले होते. चांगले, फुलांचे. ते ती पाहुण्यांसाठी काढायची.

आपली मुलगी माझ्याजवळ बसून फार रडली. तिने सांगितलं, पहिल्या दिवशी फॉर्मवर आपल्या विभागाचं नाव वाचलं तेव्हाच मावशी हसली होती आणि म्हणाली होती, "लिही, मी सांगते ते सगळं नीट लिही, वाचणारं माणूस हुशार आहे." शेवटच्या फेरीला मात्र तिला समोर बसवून म्हणाली, "आधीचं सगळं चुकीचं जोडलं गेलं. आज खरं लिही. आणि कोणी हळहळलं तरी खोडू नकोस."

तुम्ही विचारलंय, एक्केचाळीसचं काय करायचं. विभागातल्या माणसाच्या नातलगाला प्रयोगात घेत नाहीत, त्या नियमाने तिला गाळता येईल. निर्णय तुमचा. मला विचाराल तर गाळू नका. पहिल्या चार फेऱ्या खोट्या आहेत हे आता आपल्याला माहीत आहे, तरी त्या तशाच राहू द्या. खाली टीप लिहा की ही बाई विचारणाऱ्यांवर माया करत होती. पाचवी फेरी खरी आहे. पालिकेच्या माणसाला ती वाचून दाखवा. तिने ती त्यासाठीच दिली. उरलेले आकडे मी वाचणार नाही. ते दुसऱ्या कोणाला द्या. माझं वर्ष गेलं तर जाऊ दे.

एकच गोष्ट राहिली. ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

पाचव्या फेरीत मावशीने प्रत्येक उत्तर बदललं. शेवटच्या प्रश्नाशी आल्यावर मुलीने स्वतःच विचारलं, "आजी, अडीनडीला हाक मारावी असं कोणी आहे का, याला तुम्ही दर वेळी 'हो' म्हणालात. हेही बदलायचं ना?" मावशी म्हणाली, "नाही गं. ते पहिल्यापासून खरंच आहे. ते राहू दे."

म्हणून त्या रकान्यात 'हो' आहे. बाई, त्या शेवटच्या फेरीत खोटं ठरलेलं उत्तर तेवढं एकच.

तुमची विद्यार्थिनी